वेग दुप्पट, शक्ती आठपट

३.८ कि.मी. पोहणे, लगेच १८० कि.मी. सायकल आणि शेवटी ४२.२ कि.मी. धावणे! ‘आयर्नमॅन’ ही शर्यत मिलिंद सोमण यांनी २०१५ साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, झ्युरिच येथे १५ तास १९ मिनिटांत पुरी केली.

अशा शर्यतीत हौशी खेळाडूला मोह होतो तो आरंभीच जोर करण्याचा. तो का नडतो, ते पाहू.

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सायकलचा वेग दुप्पट केला की रोध चौपट होतो. शिवाय तेवढ्याच वेळात दुप्पट अंतर कापायचे असते. म्हणून रोधावर मात करण्यास आठपट शक्ती लागते! खारबाव-भिवंडी रस्त्यावर वाऱ्यासमोर सायकल चालवा, म्हणजे प्रत्यय येईल. पाण्याची घनता तर हवेच्या सुमारे ८०० पट. तेथे वेग अधिकच महाग पडतो.

शरीरातील ग्लायकोजेनपासून सुमारे २००० किलोकॅलरी मिळतात. शर्यतीला याच्या कितीतरी पट लागतात. बेताच्या वेगात शरीर चरबीही वापरते. जोर केल्यास ग्लायकोजेन लवकर संपते आणि धावताना पाय उचलत नाहीत. वाटेत खाल्लेले अन्न ही तूट पूर्णपणे भरून काढू शकत नाही.

आता सांगा : सायकलचा वेग ताशी १५ वरून १८ कि.मी. केला, तर हवेच्या रोधासाठी किती पट शक्ती लागेल?

(उत्तर : सुमारे १.७३ पट)