घेटुळी, लॅसिक्स आणि पोटॅशियम

पावसाच्या सरी सुरू झाल्या की भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर, बोड्यांच्या पाळीवर घेटुळी पसरते. देठ तांबूस, पानांची खालची बाजू पांढुरकी, गुलाबी फुलं टाचणीच्या डोक्याएवढी. उन्हाळ्यात वरचा पसारा वाळतो, जमिनीतलं जाड मूळ मात्र तग धरतं आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतं. हीच पुनर्नवा. अंगावर सूज आली की तिच्या मुळाचा काढा द्यायची रीत फार जुनी.

आधुनिक पद्धतीनं तिची परीक्षा केली ती कलकत्त्यात रामनाथ चोप्रांनी. १९३३ च्या ‘इंडिजिनस ड्रग्ज ऑफ इंडिया’त त्यांनी पुनर्नवीन या अल्कलॉइडबरोबरच या वनस्पतीतल्या भरपूर पोटॅशियम क्षारांची नोंद केली. या साऱ्या मागोव्यात मला तीच नोंद सगळ्यात मोलाची वाटते.

तेव्हा लघवी वाढवून सूज उतरवायला डॉक्टरांच्या हाती पाऱ्याची इंजेक्शनं होती. १९५० च्या दशकाअखेर थायझाइड औषधं आली, मग जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीचं फुरोसेमाइड, म्हणजे लॅसिक्स. ते मूत्रपिंडाला मीठ परत शोषू देत नाही. मिठामागोमाग पाणी जातं. गोळी घेतल्यावर तासाभरात लघवी सुटते. साहजिकच पुढे वनस्पतींची तुलना याच औषधाशी होऊ लागली. उंदरांची लघवी गोळा करून मोजायची लिप्शित्झची चाचणी १९४३ पासून होतीच. मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या बुलेटिनमध्ये १९७४ साली गायतोंडे, कुलकर्णी आणि नाबर यांचा पुनर्नवेच्या मूत्रल गुणावरचा निबंध आला. २००३ साली गोखरूची, म्हणजे आपल्या अनवाणी पायात रुतणाऱ्या सराट्याची, पाळी आली. किलोमागे ५ ग्रॅम अर्क दिल्यावर उंदरांना फुरोसेमाइडपेक्षा किंचित जास्तच लघवी झाली. वाचून बरं वाटतं. पण माणसाला लॅसिक्सची नेहमीची गोळी ४० मिलिग्रॅमची पुरते, हे विसरून चालणार नाही.

शिवाय नुसत्या मिलिलिटरवर औषध जोखता येत नाही. फुरोसेमाइड शरीरातलं पोटॅशियम बाहेर काढतं. घेटुळीच्या काढ्यातून ते आत येतं. चोप्रांना यकृताच्या विकारातल्या जलोदरात पुनर्नवेचा गुण दिसला होता, आणि तो नाकारायचं कारण नाही. मात्र ज्याचं मूत्रपिंडच थकलंय, त्याच्या रक्तात पोटॅशियम साचलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून पाय सुजलेल्या माणसाला ‘झाडपाल्यानं काय होतंय’ म्हणत काढा पाजणं मला धोक्याचं वाटतं. आधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्यावं, आणि लॅसिक्स चालू असेल तर काढ्याचं डॉक्टरांना सांगावंच.