डब्यातले पाणी

नायगावहून परळ ते कितीसे दूर! तेथले पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली निघाले. तरी कुत्र्याच्या ओल्या खाद्याचा डबा घेताना आम्ही अजून वरचे चित्रच पाहतो.

अशा डब्यात शेकडा पाऊणशे ते ऐंशी भाग पाणीच असते. म्हणून ‘प्रथिने ८ टक्के’ वाचून नाक मुरडू नये. पाणी ८० टक्के, म्हणजे ऐवज २०. त्यात ८, म्हणजे शेकडा ४० झाले. कोरड्या खाद्यात प्रथिने २४ आणि पाणी १० असले, तर याच हिशेबाने सत्तावीसही भरत नाहीत. मात्र ४०० ग्रॅमच्या डब्यात ऐवज अवघा ८० ग्रॅम, हेही विसरू नये. पैसे आपण सगळ्या वजनाचे मोजतो.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. मांस पहिले दिसते, ते त्यातल्या पाण्यासकट. कलेजी वाचून दचकण्याचे कारण नाही. आपल्यातले खवय्येही ती आवडीने खातात!

खरी गोष्ट बारीक अक्षरांत असते : खाद्य ‘पूर्ण व संतुलित’ की नुसते ‘पूरक’? पूरक म्हणजे तोंडी लावणे. नुसत्या मांसात फॉस्फरस पुष्कळ, कॅल्शियम नाममात्र. वाढत्या पिलाला रोज तेवढेच घातले, तर हाडे कच्ची राहून पाय वाकतात, आणि मग परळची पायरी चढावी लागते.