पहिल्यांदा बर्फावर जाताना

गटाची सहल म्हटली की आपली यादी ठरलेली असते. अष्टविनायक, पंढरपूर, गणपतीपुळे, फार तर गोव्याचा समुद्र. अलीकडे मात्र बैठकांमधून आमच्याकडे वेगळाच प्रश्न येतो. “ताई, पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरतात, ते आपल्याला जमेल का?”

जमेल. त्या खेळाला स्कीइंग म्हणतात आणि तो शिकायला वयाची अट नाही. मात्र एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्यापैकी बहुतेकींचं पोट हातापायांवर आहे. पाय मोडला तर दोन-तीन महिन्यांची मजुरी जाते आणि घरचं दूधदुभतंही अडतं. म्हणून ही सहल हौसेची असली तरी आखणी हिशेबानेच करायची.

कुठे आणि कधी?

आपल्या देशात स्कीइंगची तीन ठिकाणं जास्त नावाजलेली आहेत. काश्मीरमधलं गुलमर्ग, उत्तराखंडातलं औली आणि हिमाचलातल्या मनालीजवळचं सोलंग. पहिल्या सहलीसाठी आम्ही सोलंग सुचवतो. मनालीत राहायच्या सोयी सर्व दरांत मिळतात आणि तिथून सोलंग १३-१४ किलोमीटरवर आहे. काश्मीरमध्ये आपली प्रीपेड सिमकार्डं चालत नाहीत. घरी लेकरं ठेवून आलेल्या बाईला फोन लागला नाही, तर तिचं निम्मं लक्ष घरीच राहतं.

बर्फासाठी जानेवारी-फेब्रुवारी चांगला. भूमध्य समुद्राकडून येणारे ओलसर वारे हिमालयाला धडकले की बर्फ पडतो, आणि ते दरवर्षी वेळेवर येतीलच असं नाही. म्हणून तिकिटं आधी काढली, तरी निघण्याच्या आठवड्यात मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून सोलंगला बर्फ आहे का, रस्ता चालू आहे का, हे विचारा. नाताळ आणि नवीन वर्षाची गर्दी टाळा. संक्रांतीचं हळदीकुंकू उरकून, ज्वारीची काढणी सुरू व्हायच्या आत जाऊन येणं आपल्याला सोयीचं.

थंडीच्या दिवसांत “रोहतांग दाखवतो” असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. ती खिंड ३,९७८ मीटर उंचीवर आहे आणि हिवाळ्यात बर्फामुळे बंद असते. २०२० साली सुरू झालेल्या नऊ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला जाता येतं, पण तेही त्या दिवशी रस्ता चालू असेल तरच.

पैसा कसा उभा करायचा?

पहिला नियम असा की गटाच्या अंतर्गत कर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही. तो पैसा बी-बियाण्याचा, शाळेच्या फीचा आणि दवाखान्याचा आहे. सहलीची बचत वेगळी, तिची वही वेगळी. समजा माणशी १८,००० रुपये खर्च धरला, तर महिना १,००० प्रमाणे दीड वर्ष लागेल. लागू द्या. कर्ज काढून केलेली सहल परतल्यावर बोचते. मध्येच एखादीला पैशांची नड आली, तर तिची रक्कम तिला परत मिळेल, असा ठराव आधीच वहीत लिहा.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. मनालीला रेल्वे जात नाही. दिल्ली किंवा चंदीगडपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने जावं लागतं. दिल्लीहून बसला १२ ते १४ तास लागतात. म्हणून जाऊन-येऊन आठ दिवस तरी धरा. एजंटाकडे गेलात, तर सगळे पैसे एकदम देऊ नका. पावती घ्या, आणि सहल रद्द झाली तर किती परत मिळतील, हे लिहून घ्या.

आता विमा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये कापले जातात. ती चांगलीच आहे, पण ती अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी. मोडलेल्या पायाच्या प्लास्टरचा खर्च ती देत नाही. प्रवास विमा घेताना थेट विचारा, “यात स्कीइंग धरलंय का?” अनेक विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात.

तब्येत आणि कपडे

मनाली सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच. सोलंग त्याहून वर. पोचलात त्या दिवशी विश्रांती घ्या, पाणी पीत राहा. दम लागणं, डोकं दुखणं होऊ शकतं. त्रास वाढला तर खाली उतरून डॉक्टर गाठायचा. दिवस गेलेल्या, गुडघेदुखीच्या, हाडं ठिसूळ झालेल्या बायांनी स्की बांधू नये, बर्फ मात्र जरूर बघावा. दमा, बीपी, साखर असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं, म्हणून ते कपड्यांच्या आत, अंगाजवळ ठेवा.

बर्फावर साडी नको. सलवार किंवा ट्रॅकपँट घाला आणि त्यावर तिथला भाड्याचा बर्फाचा सूट. आत सुती कपड्यांऐवजी लोकरी घाला, कारण सुती कपडा ओला झाला की अंग गारठतं. जाड बुटात दोन मोजे घातले की वळ्या पडून पाय सोलतो, म्हणून उंच मोजा एकच. बांगड्या उतरवा, मंगळसूत्र कपड्याच्या आत, ओढणीचं टोक खोचून. ऊन बर्फावरून उलटून डोळ्यांवर येतं, म्हणून गॉगल हवाच. खोबरेल तेल तिथे बाटलीतच गोठेल, ओठांना आणि गालांना व्हॅसलीन न्या. डोंगरावर स्वच्छतागृहं थोडी असतात, तेव्हा निघतानाच जाऊन या आणि पाळीचे पॅड जवळ ठेवा.

बर्फावरचा पहिला दिवस

सोलंगच्या रस्त्यावर भाड्याच्या कपड्यांची दुकानं आहेत, त्यांना नंबर असतात. गाडीवाला थांबवेल तिथेच घ्यायला पाहिजे असं नाही. दोन-तीन ठिकाणी भाव करा. स्कीचा दर ठरवताना विचारा : बूट, स्की, काठ्या आणि शिकवणारा, सगळं यात आलं का? किती तास? एका शिकवणाऱ्याकडे किती जणी? पाच मिनिटं उभं करून फोटो काढणं म्हणजे शिकवणं नव्हे.

वजन विचारलं तर खरं सांगा. पडल्यावर बूट स्कीतून सुटावा म्हणून त्याचा चाप वजनानुसार लावतात. लाजून वजन कमी-जास्त सांगितलं, तर बूट नको तेव्हा सुटतो किंवा हवा तेव्हा सुटत नाही, आणि गुडघा पिरगळतो.

सपाटीवर चालण्यापासून सुरुवात करा. चढताना आडवं उभं राहून पायरी-पायरीने वर जायचं. थांबण्यासाठी स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करायची, घराच्या छपराच्या दोन पाख्यांसारखी. टोकं एकमेकांवर चढू द्यायची नाहीत. भीतीने आपण मागे रेलतो आणि नेमकी तेव्हाच स्की पळते. म्हणून गुडघे वाकवून किंचित पुढे झुका, नडगी बुटाला टेकली पाहिजे. पडावंसं वाटलं तर बाजूला, कुल्ल्यावर बसा, हात मागे टेकू नका. खाली जी उभी आहे तिला सांभाळण्याची जबाबदारी वरून येणारीची. दमलात की थांबा, दमलेल्या पायांनीच जास्त पडायला होतं.

पहिल्या दिवशी सगळ्याच पडतात. मनालीजवळच्या बुरुआ गावची आंचल ठाकूर हिने २०१८ साली तुर्कस्तानातल्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. स्कीइंगमधलं ते आंतरराष्ट्रीय पदक. गावातल्या मुलीचा हा खेळ नव्हे, असं यापुढे कोणी म्हणू नये.

निघण्याआधी गटात दोन गोष्टी ठरवा. बर्फावर जोडीजोडीने राहायचं, आणि “मला नको” म्हणणारीला कोणी आग्रह करायचा नाही, हसायचंही नाही. मनालीचा पत्ता, मुक्कामाचा फोन आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक प्रत्येकीच्या पर्समध्ये कागदावर लिहिलेला असू द्या, कारण थंडीत मोबाईलची बॅटरी लवकर उतरते.

पुढच्या बैठकीत एवढंच करा : कोण कोण येणार त्यांची नावं लिहा, महिन्याचा हप्ता ठरवा आणि सहलीची वेगळी वही उघडा.