सोळा घोड्यांचा छोटा हत्ती

रूम शिफ्ट करायची वेळ आली की व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, ‘कुणाकडे छोटा हत्तीवाल्याचा नंबर आहे का रे?’ मग कॉट, गाद्या, पुस्तकांची खोकी, एक म्हातारा कूलर आणि त्यावर बसलेले तीन मित्र अशी वरात निघते. गॅदरिंगचा सेट, मंडळाचे स्पीकर, मेसची भाजी हे सगळंही त्याच्याच पाठीवर. आपल्यातले काही जण तर डिग्री हातात पडायच्या आधीच हा हत्ती विकत घ्यायचा विचार करत असतात. गावाकडे नोकरीपेक्षा भाडं लवकर मिळतं, असा साधा हिशोब. म्हणून आज या गाडीकडे जरा गिऱ्हाइकाच्या नजरेने बघू.

कागदोपत्री नाव टाटा एस. ‘छोटा हत्ती’ हे बारसं लोकांनी केलं. २००५च्या मे महिन्यात ती बाजारात आली, तेव्हा किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास होती. तोवर एकीकडे तीनचाकी टेम्पो, दुसरीकडे मोठाले ट्रक आणि मधे फारसं काही नाही, अशी परिस्थिती. गिरीश वाघ यांच्या टीमने आधी तीनचाकीवाल्यांना गाठून त्यांना काय हवंय ते विचारलं. चारचाकी असती तर लग्नाच्या बाजारात भाव वाढला असता, असं त्यातल्या एकाने सांगितल्याचा किस्सा अजून ऐकायला मिळतो! इंजिनाची युक्ती तर मेकॅनिकलच्या पोरांनी ऐकावी अशीच आहे. इंडिकाचं चार सिलिंडरचं १४०५ सीसी डिझेल इंजिन घेतलं आणि सरळ निम्मं केलं. दोन सिलिंडर, ७०२ सीसी.

ताकद किती? सोळा अश्वशक्ती. कॉलेजच्या पार्किंगमधल्या दीडशे-एकशेसाठ सीसीच्या बाइकमध्येही जवळपास एवढीच असते. फरक आहे तो टॉर्कमध्ये, म्हणजे चाक फिरवणाऱ्या जोरात. तो बाइकच्या अडीच-तीन पट. म्हणूनच भरलेली दीड टनाची गाडी जागची हलते. पळायचं म्हणाल तर साठीच्या पुढे तिची धाप ऐकू येते.

पण पळणं हे तिचं कामच नाही. लांबी जेमतेम ३.८ मीटर, वळायला ४.३ मीटरची त्रिज्या. पेठेतल्या बोळात समोरून रिक्षा आली तरी ही निघते. दिवसा शहरात मोठ्या ट्रकना बंदी असते, तेव्हा हिचा धंदा जोरात. तीनचाकीला एक्स्प्रेस-वेवर मज्जाव आहे, हिला नाही. एकूण वजन तीन टनांच्या आत असल्याने मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. आणि २०२४च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं, की साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते. शिवाय जुनं डिझेल इंजिन इतकं सुटसुटीत, की तालुक्याचा कुठलाही मेकॅनिक त्याला हात घालतो.

आता कमकुवत बाजू. अधिकृत लोड ७५० किलो. ऐकायला पुष्कळ वाटतं ना? पन्नास किलोच्या सिमेंटच्या पंधरा गोण्या, संपलं. सात बाय पाच फुटांच्या हौद्यात पंधरा गोण्या टाकल्या तर वर सगळी जागा मोकळीच दिसते. मालक म्हणतो, ‘अहो, अजून दहा बसतील की!’ बसतात. जागा आहे म्हणून बसतात, पाटे सोसतात म्हणून नव्हे. पाण्याचं तर विचारूच नका. हजार लिटरची काळी टाकी हौद्यात आरामात मावते, पण भरली की एक टन. उलट गाद्या, थर्माकोल, रिकामे क्रेट यांचा डोंगर झाला तरी वजन किरकोळ, फक्त गाडी अरुंद असल्याने वळणावर तो डोंगर डुलतो. थोडक्यात, या गाडीचं लोड डोळ्यांना कळत नाही, आणि आपल्याकडे लोड डोळ्यांनीच ठरतं.

ओव्हरलोडचा दंड २०१९च्या दुरुस्तीनंतर कायद्यात वीस हजार रुपये आणि जादा टनामागे दोन हजार आहे. पण पावती फाटायच्या आधीच पाटा मोडतो, क्लच जळतो, बारा इंची चाकं खड्ड्यात आपटून टायर फुगतात. घाटात तर परीक्षाच. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे महाभाग भेटतात. त्यात इंजिनाचा आधार जातो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. पुढे बॉनेट नाही, ड्रायव्हरचे गुडघे आणि समोरची गाडी यांच्यात फक्त पत्रा.

आणि ते हौद्यातले तीन मित्र? मालवाहू गाडीत असं बसलेल्यांची भरपाई देणं विमा कंपनीवर कायद्याने बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्येच सांगितलंय. काही झालं तर बोजा गाडीमालकावर. तो बहुतेक वेळा हप्ते फेडणारा, तुमच्याच वयाचा पोरगा असतो.

हप्त्यांचंही बघू. समजा चार लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, चार वर्षं. महिन्याला साधारण १०,३०० रुपये. पंचवीस दिवस गाडी फिरली तर रोजचे चारशेच्या वर, तेही इंधन, विमा, टायर, फिटनेस धरायच्या आधी. जाताना भाडं मिळतं, येताना बहुधा रिकामं यावं लागतं. हक्काचं रोजचं काम, म्हणजे दूध, किराणा, बेकरी यापैकी एखादी लाइन, आधी पकडून मगच शोरूम गाठलेलं बरं.

पर्याय आता बरेच आहेत. बीएस-६च्या वेळी आलेलं ६९४ सीसीचं पेट्रोल इंजिन तीस अश्वशक्तीचं, चालवायला हलकं. २०२५च्या जूनमध्ये आलेल्या एस प्रोची किंमत ३.९९ लाखांपासून सुरू झाली. सीएनजी स्वस्त पडतो, पण पंपावरची रांग आणि टाकीचं वजन हिशोबात धरा. मारुतीच्या सुपर कॅरीचं पेट्रोल मॉडेल ७४० किलो नेतं, सीएनजीचं ६२५. इलेक्ट्रिक एस २०२२मध्ये आली, तेव्हा लोड ६०० किलो आणि कागदावरची रेंज १५४ किलोमीटर. ठरलेल्या रूटला ती शोभते, लांबच्या भाड्याला नाही. आणि रोजचा माल टनाच्या वर असेल तर या गल्लीत शिरूच नका, बोलेरो पिकअपकडे वळा.

सेकंड हँड घेणार असाल तर इंजिनाच्या आवाजावर भाळू नका. फाळका उघडून हौद्याचा पत्रा किती चेपलाय ते बघा. मग खाली वाकून पाटे मोजा. कंपनीने दिलेल्यापेक्षा एखादा जास्त भरती केलेला दिसला, तर मागच्या मालकाने त्या हत्तीवर काय काय लादलं असेल, ते विचारायची गरज उरत नाही.