लाल बावट्याखालची एसआयपी

भुसावळच्या रेल्वे वर्कशॉपच्या गेटवरची सभा संपली, तसा एक तरुण फिटर मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, मी शेअरच्या म्युच्युअल फंडात महिन्याला हजाराची एसआयपी लावली तर चळवळीशी गद्दारी होईल का?" त्याला हा प्रश्न खरंच टोचत होता. भांडवलशाही मान्य नसलेल्या माणसाने आपली बचत कुठे ठेवावी, याबद्दल आपल्याकडे गैरसमज पुष्कळ आहेत.

गैरसमज: शेअर घेतले नाहीत, म्हणजे हात स्वच्छ.

वस्तुस्थिती: मी त्याला मोबाईलवर एनपीएसचं, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचं खातं उघडायला लावलं. 1 जानेवारी 2004 पासून रेल्वेत लागलेल्यांसाठी हीच पेन्शन आली. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या 10 टक्के त्याचे कापले जातात, सरकार 14 टक्के घालतं. पडद्यावर फंड सांभाळणाऱ्यांची तीन नावं होती: एसबीआय, यूटीआय, एलआयसी. या ठरलेल्या योजनेतली काही रक्कम शेअरमध्ये जाते. म्हणजे डिमॅट खातं न काढताही हा गडी भागधारक होताच. बँकेतल्या एफडीचा पैसाही कारखान्यांना कर्जाऊ जातो, आणि एलआयसी पॉलिसीच्या पैशातूनही शेअर घेते. पैसा सगळा सरकारी रोख्यांतच ठेवायचा पर्याय 2019 पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांना आहे, पण तो फार थोड्यांना ठाऊक असतो.

गैरसमज: शेअर घेतला की आपला पैसा थेट मालकाच्या खिशात जातो.

वस्तुस्थिती: नवी विक्री सोडली तर बाजारात शेअर दुसऱ्या भागधारकाकडून घेतला जातो. कंपनीला त्यातून पैसा मिळत नाही. म्हणून प्रश्न मिटतो असं नाही, कारण नफ्यातला वाटा आपल्याकडे येतोच.

त्या वाट्याचं खरं रूप पाहायचं तर आपल्याच जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला जावं. 1945 साली तिथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, आणि पुढे त्याचीच विप्रो झाली. सुरुवातीचे शेअर जपून ठेवलेली अमळनेरची घरं श्रीमंत झाली, ही गोष्ट खानदेशात कौतुकाने सांगितली जाते. त्या शेअरची किंमत मुख्यतः वाढली ती पुढच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यामुळे. ते काम अमळनेरपासून फार दूर बसलेल्या हजारो इंजिनिअरांनी केलं. कपाटात कागद ठेवणाऱ्याने त्यासाठी काही केलं नव्हतं. याच अमळनेरात साने गुरुजी गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले होते. मला ही दोन्ही अमळनेरं एकत्र आठवतात, आणि शेअर घेणाऱ्या प्रत्येक कामगाराला ती आठवावीत असं वाटतं.

गैरसमज: खऱ्या समाजवाद्याने शेअरला शिवू नये.

वस्तुस्थिती: खुद्द एंगेल्सने मँचेस्टरमध्ये सूतगिरणीच्या व्यवसायात वर्षानुवर्षं काम केलं. त्या कमाईतून मार्क्सचं घर चाललं. एंगेल्सच्या मागे राहिलेल्या संपत्तीत शेअरही होते.

गैरसमज: सहकारात ठेवला की पैसा नीतीने वाढतो आणि सुरक्षितही राहतो.

वस्तुस्थिती: सहकारात एका सभासदाला एकच मत असतं, कंपनीत जितके शेअर तितकी मतं. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. पण बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, तो पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. जळगाव जिल्ह्यात बुडालेल्या पतसंस्थांच्या दारात पावत्या घेऊन उभी राहिलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. वार्षिक सभेला जायचं, ताळेबंद वाचायचा, थकबाकीदार कोण ते विचारायचं. एवढं करणार असाल, तरच सहकाराचा अभिमान बाळगा.

गैरसमज: बचत करणारा कामगार लढत नाही.

वस्तुस्थिती: 8 मे 1974 ला रेल्वेचा संप सुरू झाला आणि वीस दिवस चालला. हजारोंना अटक झाली, नोकऱ्या गेल्या, क्वार्टर खाली करायला लावले. पगार थांबला की कोण किती दिवस टिकणार, हे घरातल्या डब्यावर ठरतं. त्यामुळे सहा महिन्यांचा खर्च आधी बाजूला काढ, तोही शेअरमध्ये नको, हवा तेव्हा हातात येईल असा ठेव, आणि एसआयपीचं त्यानंतर बघ, असं मी त्या फिटरला सांगितलं. पेन्शनची लढाई मात्र युनियननेच लढायची आहे. एकट्याची एसआयपी तिची जागा घेणार नाही.

त्याचे आजोबा त्या संपात होते. आजीने तेव्हा गळ्यातली पोत गहाण ठेवली होती, एवढंच त्याला माहीत होतं. ती सोडवायला किती महिने लागले, ते घरी विचारून ये, असं म्हणून मी त्याला पाठवलं.