विषय आणि संशोधन प्रश्न : दिल्लीच्या दोन बागांमधून समजून घेऊ

पेट झाली, आता विषय कुठून आणायचा? बरेच जण 'दिल्लीतील ऐतिहासिक उद्याने : एक अभ्यास' असं काहीतरी लिहून मोकळे होतात. पण हा झाला विषय. संशोधन प्रश्न नव्हे. या दोन्हींतला फरक व्याख्या पाठ करून कळत नाही, म्हणून आपण एक सहल करू. दिल्लीतलं लोधी गार्डन आणि हुमायूनचा मकबरा अर्ध्या दिवसात आरामात बघून होतं.

१. लोधी गार्डन : दिसतं ते एकाच काळातलं आहे का?

हिरवळ, वळणदार वाटा आणि मध्ये जुने घुमट. बघणाऱ्याला वाटतं, सुलतानांचीच बाग असणार. इथे थांबा आणि प्रत्येक गोष्टीपुढे तारीख लिहा. मुहम्मद शाह सय्यदची कबर १४४४ च्या सुमाराची. बडा गुंबद १४९४ चा. सिकंदर लोदीचा मृत्यू १५१७ चा. आणि आजची बाग? ती १९३६ ची! तोवर या वास्तूंभोवती खैरपूर नावाचं गाव होतं. इंग्रज सरकारने गाव हलवलं आणि व्हाइसरॉयच्या पत्नीच्या नावाने 'लेडी विलिंग्डन पार्क' उघडलं. 'लोधी' हे नाव स्वातंत्र्यानंतरचं. पुढे १९६८ मध्ये जोसेफ स्टाइन आणि गॅरेट एक्बो यांनी बागेची नव्याने आखणी केली.

म्हणजे ज्याला आपण 'वारसा' म्हणतो, त्यात किमान तीन थर आहेत. आणि एक थर, गावाचा, पुसलेला आहे.

२. हुमायूनचा मकबरा : 'मूळ' म्हणजे कधीचं?

इथली चारबाग मात्र मकबऱ्यासोबतच, १५६० च्या दशकात आखलेली. वाटा आणि पाण्याच्या पाटांनी तिचे चौकोन पाडलेत. मग ही तरी 'मूळ' ना? थोडं थांबा. १८५७ मध्ये बहादूरशाह जफर इथेच पकडला गेला. त्यानंतर बागेत इंग्रजी पद्धतीचे गोल वाफे आले. १९४७ मध्ये याच आवारात फाळणीच्या निर्वासितांची छावणी होती. आज पाटांतून वाहणारं पाणी दिसतं, ते १९९७ ते २००३ या काळात आगा खान ट्रस्ट आणि पुरातत्त्व खात्याने केलेल्या कामामुळे. म्हणजे कुठला काळ परत आणायचा, हे कुणीतरी ठरवलं. निर्वासितांचा काळ का नाही आणला? हा प्रश्न आता तुमचा.

३. आता प्रश्न मांडू

- कच्चा : लोधी गार्डनचा इतिहास.
- जरा बरा : लोधी गार्डन कसं तयार झालं?
- चालेल असा : १९३० च्या दशकात खैरपूर हलवताना सरकारने कोणती कारणं दिली, आणि गावकऱ्यांना बदल्यात काय मिळालं?

तिसऱ्या प्रश्नात काळ आहे, जागा आहे, माणसं आहेत. मुख्य म्हणजे, कुठली साधनं शोधायची ते त्यातूनच कळतं : महसुली नोंदी, भूसंपादनाच्या फाइली, जुने नकाशे, त्या कुटुंबांच्या आठवणी. मात्र मार्गदर्शकांकडे जाण्याआधी अभिलेखागाराच्या सूचीत डोकावून या. साधनंच नसतील तर प्रश्न कितीही सुंदर असला तरी प्रबंध होत नाही. मग प्रश्न बदलायचा, त्यात कमीपणा काही नाही.

आणि 'याने काय फरक पडतो?' याचं उत्तर तयार ठेवा, मुलाखतीत ते हमखास विचारतात. आपलं उत्तर असं : आजही वारसा जपायचा म्हणून वस्त्या हलवल्या जातात. आधी काय झालं हे माहीत असेल, तर पुढच्या वेळी निदान योग्य प्रश्न तरी विचारता येतील.

यासाठी दिल्लीलाच जायला हवं असं नाही. पुण्याची सारसबाग घ्या. तिथल्या देवळाला लोक अजून 'तळ्यातला गणपती' म्हणतात. मग तळं कुठे गेलं? तुमच्या गावातली एक बाग निवडा, वही घ्या, प्रत्येक गोष्टीपुढे तारीख लिहा. जिथे तारखा जुळणार नाहीत, तिथे तुमचा प्रश्न आहे.