विलायती उन्हाळा आणि तीन मैत्रिणी

दिवाळी अंक हाती पडला की आपण प्रथम काय करतो? अनुक्रमणिका उघडतो, थोरामोठ्यांची नावे वाचून मान डोलावतो, आणि मग कुणी पाहत नाहीसे बघून हळूच हास्यचित्रांकडे वळतो. मराठीच्या प्राध्यापकाने हे कबूल करू नये. पण खोटे तरी किती दिवस बोलायचे? ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठावर शि. द. फडणीसांनी काढलेली निःशब्द चित्रे, ‘ललित’मधल्या ठणठणपाळाला वसंत सरवट्यांनी दिलेले रूप, ह्यांवर आमच्या घरातल्या दोन पिढ्या पोसल्या. मात्र चित्रांना हसायचे, त्यांना साहित्य म्हणायचे नाही, असा आमचा शिरस्ता. ह्या शिरस्त्यापायी माझ्या हातून एक चूक घडली. आजचा लेख त्या चुकीचा आहे.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी लहानपणी वहीच्या मागच्या पानांवर चौकटी आखून गोष्टी काढी. शेजारच्या काकू, बसचा कंडक्टर, आमची मांजर, सगळे त्या चौकटींत येत. एकदा मीही आलो: नाकावर चष्मा, हातात पेपरांचा गठ्ठा. तेव्हा ती दहावीत होती. मी वही मिटली आणि म्हणालो, “अग, चित्रकथा काढून का कुणाचे पोट भरते?” तिने वही उचलली, आणि पुन्हा ती वही माझ्या दृष्टीस पडली नाही.

पुढे ती नगररचना शिकायला इंग्लंडात शेफील्डला गेली. सप्टेंबर २०२१ची गोष्ट. भावाने कर्ज काढले होते. दर रविवारी फोन येई, आणि दर रविवारी उत्तर एकच: “सगळं ठीक आहे, काका.” पुढच्या वसंतात एका परतणाऱ्या मैत्रिणीच्या हाती तिने माझ्यासाठी एक पुस्तक धाडले. उघडून पाहतो तो चौकटीच चौकटी! नाव ‘जायंट डेज’, लेखक जॉन ॲलिसन. आत चिठ्ठी होती: “काका, हे शेफील्ड आहे. वाचा, आणि मग सांगा, ह्यांचं पोट भरतं की नाही.”

पोट कसे भरते?

आव्हान दिल्यावर प्राध्यापक चौकशी करणारच. हा ॲलिसन १९७६ साली जन्मलेला इंग्रज. १९९८ साली त्याने ‘बॉबिन्स’ नावाची चित्रमाला कुठल्या वर्तमानपत्राकडे न जाता सरळ इंटरनेटवर सुरू केली. संपादक नाही, छापखाना नाही, मानधनही नाही. २००२ ते २००९ ह्या काळात ‘स्केअरी गो राउंड’ आणि त्यानंतर शाळकरी मुलामुलींच्या रहस्यकथांची ‘बॅड मशिनरी’ निघाली. ह्या गोष्टी घडतात त्या टॅकलफर्ड नावाच्या गावी. वेस्ट यॉर्कशरमधले हे गाव नकाशावर शोधू नका. ते ॲलिसनच्या टेबलावर आहे.

चित्र फुकट वाचायला मिळते. मग चूल कशी पेटते? वाचकाला पात्रांचा लळा लागला की तो त्या चित्राचा सदरा विकत घेतो, पुढे पुस्तक घेतो, कुणी मूळ चित्र घेतो. आपल्याकडे कीर्तन ऐकायला तिकीट नसते, पण आरतीचे तबक फिरले की हात आपोआप खिशात जातो. तोच हा न्याय. ह्या तबकावर भल्याभल्यांचे भागत नाही, हे खरे. ज्यांचे भागते ते वर्षानुवर्षे नेमाने नवी चौकट देत राहतात म्हणून भागते. ‘जायंट डेज’ प्रथम ॲलिसनने २०११ साली स्वतःच छापले. पुढे एका अमेरिकन प्रकाशनाने ते घेतले, आणि २०१५ ते २०१९ ह्या काळात त्याचे ५४ अंक निघाले. चित्रे आधी लिसा ट्रीमन आणि नंतर मॅक्स सारिन ह्यांनी काढली. २०१९ साली चित्रकथांच्या क्षेत्रातले मानाचे आयसनर पारितोषिक ह्या मालिकेला एकदम दोन विभागांत मिळाले. माझ्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले होते.

राजकारण कुठे असते?

गोष्ट म्हणाल तर साधी. शेफील्डच्या विद्यापीठात तीन मुली शेजारशेजारच्या खोल्यांत राहायला येतात. एस्थर इंग्रजी साहित्याची, काळ्या पोशाखाची, संकटाला हाक मारून बोलावणारी. सुझन वैद्यकीची, तोंडाने फटकळ. तिसरी डेझी, आजीने वाढवलेली, शिक्षणही घरीच झालेले, जगाचे वारे न लागलेली. तीन वर्षे त्या भांडतात, आजारी पडतात, प्रेमात पडतात, भाड्याच्या घरात जातात आणि शेवटी पांगतात.

मी वाचलेल्या भागांत मंत्री नाहीत की पार्लमेंट नाही. मग इंग्रजांचे राजकारण गेले कुठे? ते घरभाड्यात आहे, फीमध्ये आहे. शेफील्डचेच उदाहरण पाहा. तिथल्या हॅलम मतदारसंघाचे खासदार निक क्लेग ह्यांनी २०१०च्या निवडणुकीत विद्यार्थ्यांना फीवाढीविरुद्ध मत देण्याचे लेखी वचन दिले. मे महिन्यात ते उपपंतप्रधान झाले आणि डिसेंबरात त्यांनी वाढीच्या बाजूने मत टाकले. २०१२पासून इंग्लंडमध्ये फीची कमाल मर्यादा सवातीन हजारांवरून वर्षाला ९,००० पौंडांवर गेली. क्लेग ह्यांनी माफी मागितली. पण २०१७ साली ती जागा त्यांच्या हातून गेली. एस्थर, सुझन आणि डेझी ह्यांच्या पिढीचे विद्यार्थी हे ओझे डोक्यावर घेऊनच थट्टा करीत असतात. चित्रकाराने ते सांगायची गरजच काय?

ही इंग्रजी चित्रकारांची जुनी रीत. डेव्हिड लो ह्यांनी १९३४ साली निर्माण केलेला कर्नल ब्लिम्प आपले साम्राज्यवादी तत्त्वज्ञान ऐकवी ते हमामखान्यात, पंचा गुंडाळून! (हेच ते लो, ज्यांच्या सहीत लहानग्या आर. के. लक्ष्मणना ‘काऊ’ दिसला होता.) आणि ‘डेली एक्सप्रेस’मध्ये १९४३पासून चित्रे काढणाऱ्या कार्ल जाइल्सने जगाच्या उलाढाली एका घरातल्या खाष्ट आजीभोवती फिरवल्या. राजवाडा दाखवायचा तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून.

आणि तो उन्हाळा!

इंग्रजांचा उन्हाळा हा एक राष्ट्रीय विनोद आहे. आपण उन्हाळ्याला शिव्या देतो. ते त्याची वाट पाहतात. गंमत अशी की त्यांच्या राजकारणाला अलीकडे उन्हाळाच बाधतो. २३ जून २०१६ रोजी युरोपीय संघ सोडण्याबद्दल सार्वमत झाले, तेव्हा लंडनमध्ये पावसाने झोडपले, आणि ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी देश दुभंगला. २२ मे २०२४ला पंतप्रधान ऋषी सुनक ह्यांनी निवडणूक जाहीर केली ती छत्रीवाचून, भर पावसात भिजत. ४ जुलैला त्यांचे सरकार गेले. अशा देशात हास्यचित्रकाराने कल्पना शोधत हिंडायची गरज नाही. खिडकी उघडली की पुरे.

पण २०२२चा जुलै विनोदाचा नव्हता. ७ तारखेला बोरिस जॉन्सन ह्यांनी राजीनामा जाहीर केला, आणि १९ तारखेला लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबी येथे पारा ४०.३ अंशांवर गेला. त्या देशात तापमान चाळिशीपार गेल्याची ही पहिलीच नोंद. लंडनच्या पूर्वेकडील वेनिंग्टन गावात गवताची आग पसरून घरे जळाली. नागपूरकर हसतील; पण तिकडची घरे ऊब धरून ठेवायला बांधलेली, पंख्याचा आकडाही नसलेली.

त्या रात्री मी रविवारची वाट न पाहता फोन केला. “कशी आहेस?” “ठीक आहे, काका. जरा उकडतंय.”

एरवी मी फोन ठेवला असता. पण डेझी आठवली. भरलेल्या वसतिगृहात नवखी मुलगी किती एकटी असू शकते, हे त्या चौकटींनी मला दाखवले होते. मी विचारले, “तुला तिथं सुझन भेटली का ग? किंवा एस्थर?”

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग ती रडू लागली. दहा महिन्यांत तिला जिवाभावाचे कुणी भेटले नव्हते. कर्जाच्या विचाराने ती सुट्टीतही घरी आली नव्हती, आणि घरच्यांना घोर लागू नये म्हणून ‘ठीक आहे’ म्हणत होती. तासभर आम्ही बोललो. मी उपदेश केला नाही. आयुष्यात बहुधा प्रथमच. शेवटी म्हणालो, “चुकलं माझं. ती वही मिटायला नको होती.” ती नाक ओढत म्हणाली, “मी कुठं मिटली होती? तुम्हाला दाखवायची बंद केली, एवढंच.”

पदवी घेऊन ती परतली. आता पुण्यात नोकरी करते. दिवसा नगररचनेचे नकाशे आखते आणि रात्री चौकटी. त्यांतून पोट भरेल का? ठाऊक नाही, आणि मी विचारीतही नाही. परवा तिने नवे पान दाखवले. पंख्याखाली एक गृहस्थ बसले आहेत, नाकावर चष्मा, हातात पेपरांच्या गठ्ठ्याऐवजी चित्रांचे पुस्तक, आणि शेजारी आमची मांजर त्यांच्याकडे संशयाने पाहते आहे.

नाक जरा मोठे काढले आहे. पण तक्रार करायला मला तोंड कुठे उरले आहे?